दोन्ही हातांनी

धुक्यात शीळ ऐकू आली की मागे वळून बघायचं नाही, उताराने जीव घेऊन पळायचं... हे बर्फाच्या डोंगरांतल्या नामचे गावातल्या पोरींना बोबडं बोलायच्या वयातच शिकवलेलं असतं. ती शीळ यतीची, बर्फातल्या केसाळ राक्षसाची. त्याच्या डोक्यावरचे केस म्हणे इतके लांब, की उताराला लागला की ते त्याच्या डोळ्यांवर येतात आणि स्वारी तोंडघशी पडते. चढावर मात्र तुमची धडगत नाही.

यांगजीने शीळ ऐकली तेव्हा ती गावाच्या वरच्या माळावर जळणासाठी याकचं वाळलेलं शेण वेचत होती. धुकं असं, की पुढे केलेला हात कोपरापाशी संपत होता. शीळ पुन्हा आली — लांबलचक, शेवटाला वर चढणारी, अगदी जवळून. झालं! पोरीने पाठीवरची टोपली भिरकावली आणि जी सुटली ती थेट पाणवठ्यावर येऊन थांबली. पायातला एक बूट वाटेत कुठे गळाला तेही तिला कळलं नाही.

"यती!" तिने कसाबसा श्वास गोळा केला. "माझ्या मागे... एवढा मोठा... लाल केसांचा!"

बायांनी पाण्याचे लाकडी बुधले खाली ठेवले. कुणी मंत्र पुटपुटायला लागली, कुणी पुरुषांना हाका मारायला वळली. तेवढ्यात धुक्यातून एक उंच तरणा गडी उतरला. पाठीवर यांगजीची टोपली, कपाळाला टोपलीचा पट्टा, हातात तिचा बूट.

"लाल कुठेयत?" त्याने टोपी काढून डोकं पुढे केलं. "नीट बघा बरं. काळेच आहेत ना?"

बाया अशा खिदळल्या, की एकीचा बुधला कलंडला. यांगजी कानापर्यंत तापली.

"शीळ कशाला घालत होतास मग?"

"याक हरवला होता माझा. त्याला बोलवत होतो."

"मग? आला?"

"कसला येतोय! तू तेवढी ऐकलीस." त्याने वाकून बूट तिच्या पायापाशी ठेवला आणि हळूच म्हणाला, "आणि तूही उलटीच पळालीस. माझ्या शिळेत काही दम नाही म्हणायचा."

तो उर्केन. लोकांचे याक वळायचा, उन्हाळ्यात वरच्या कुरणांवर राहायचा, हिवाळ्यात ज्याच्या गोठ्यात जागा मिळेल तिथे झोपायचा. तान्हा असताना त्याची आई त्याला पाठीला बांधून नांगपा ला ही बर्फाची खिंड ओलांडून पलीकडच्या मुलखातून आली होती. त्या खिंडीतला बर्फ तिच्या छातीत बसला आणि नामचेत पोचल्यावर ती फार जगली नाही. बाप कोण, कुठला, हे सांगायलाही तिला वेळ मिळाला नाही. म्हणून गाव म्हणायचं — पोरगा गुणी आहे हो, पण त्याच्या हाडाचा पत्ता नाही.

आमच्यात कुळाला हाड म्हणतात. बापाचं हाड मुलाला येतं. एका हाडाची माणसं म्हणजे भाऊबहीण, त्यांच्यात लग्नाचा विचारसुद्धा पाप. आणि ज्याला हाडच नाही त्याला कुणी दारातून हाकलत नाही, पण चुलीजवळही बसवत नाही. उर्केन कुणाकडे गेला की उंबरठ्याला लागून जी पहिली जागा असते तिथे टेकायचा. स्वतःहूनच.

आणि यांगजीचे आपा, म्हणजे वडील, कोण, तर कुशांग! नामचेतल्या व्यापाऱ्यांत ज्यांचा आवाज गल्लीच्या या टोकाला निघाला तर त्या टोकाला पोचायचा, ते कुशांग. लोणी, कागद आणि म्हशीची कातडी घेऊन खिंडीपलीकडे जायचे, मीठ आणि लोकर घेऊन यायचे. हाडाचा गर्व मोठा. मनही तेवढंच मोठं, अंगावरचा कोट काढून देतील. फक्त एक खोड होती. कुशांगनी दिलेलं नाही म्हणायचं नाही! त्यांच्या एका जुन्या दोस्ताने एकदा त्यांनी हौसेने दिलेलं खोगीर परत केलं, "एवढं नको रे" म्हणून. तेव्हापासून तो समोरून आला की कुशांग कोंगदेच्या शिखराकडे बघत चालायचे. ठेच लागली तरी नजर खाली यायची नाही.

तर असे आपा घरात असताना यांगजीला शेण वेचायचं वेड लागलं.

रोज वरच्या माळावर. धुकं असलं तर हमखास. तळघरात शेणाचा ढीग छताला टेकला तेव्हा तिची आई, आमा, कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "बाई गं, यंदा हिवाळा दोनदा येणार आहे का?"

"असलेलं बरं, आमा."

"हो ना. बरंच आहे," आमा म्हणाली आणि वर निघाली.

माळावर एक मोठा खडक होता, त्याच्या आडोशाला उर्केन बटाटे भाजायचा. भाजलेल्या बटाट्याचं साल यांगजीला सोलता यायचं नाही असं नाही, पण तो सोलून द्यायचा आणि ती घ्यायची. त्याची बोटं राखेने काळी झालेली असायची. ती मीठ-मिरची घरून कागदाच्या पुडीत आणायची.

"धुकं का येतं, ठाऊक आहे तुला?" एकदा त्याने विचारलं.

"का येतं?"

"आपला डोंगर-देव खुम्बिला दिवसभर पांढऱ्या घोड्यावर बसून आपल्या सगळ्यांवर नजर ठेवतो. कोण कुठे गेलं, कोण कुणाशी बोललं... पण त्यालाही कधीतरी समोरच्या शिखरावरच्या थामसेरकू देवीकडे जावंसं वाटतच असेल ना? मग तो धुकं पसरतो. आपण त्याला बघायचं नाही, आणि त्याने आपल्याला बघायचं नाही. असा ठराव आहे."

"ही गोष्ट मी कधी ऐकली नव्हती. कुणी सांगितली?"

"आत्ता सुचली."

"देवावर रचतोस? जीभ झडेल मेल्या!"

"झडू दे. पण धुकं आहे तोवर जरा जवळ तर बस."

ती बसली. जवळ म्हणजे... मध्ये टोपली ठेवून. मग बोलता बोलता टोपली कधी बाजूला सरकली, कुणी सरकवली, यावर त्यांचं पुढे बरेच दिवस भांडण चालायचं. "तूच सरकवलीस!" "मी? मी तर बटाटा सोलत होतो, माझे हात कुठे मोकळे होते?" "म्हणजे मी?" "मी कुठे म्हटलं? खुम्बिलाने सरकवली असेल."

दुम्जीच्या उत्सवात सगळं गाव हातात हात घालून नाचलं, तेव्हा रांगेत तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. नाचात कुणाचाही हात कुणीही धरतो, त्यात काही नाही. पण नाच संपल्यावर त्याने लगेच सोडला नाही आणि तिनेही ओढून घेतला नाही. त्या संध्याकाळी यांगजी घरी गेली, भांडी घासली, लोण्याचा खारा चहा घुसळला, आणि उजवा हात मात्र तिने उगाचच एप्रनच्या खाली लपवून ठेवला.

पण पुढे काय? पोरीला पसंत असून चालत नाही. मुलाकडच्या थोर माणसांनी छांगचा, म्हणजे घरी आंबवलेल्या धान्याच्या दारूचा, घडा घेऊन मुलीच्या घरी यायचं, पेला पुढे करायचा, "शे, शे" म्हणत आग्रह करायचा. मुलीकडच्यांनी तो पेला प्यायला की होकार. घडा तसाच परत गेला की नकार.

"माझ्याकडून घडा घेऊन यायला आहे कोण?" उर्केन म्हणाला. हसत म्हणाला, पण यांगजीला त्याच्याकडे बघवेना. "याकला पाठवू? तो वाटेत पिऊन टाकेल."

"आपांना माणूस कळतो," ती म्हणाली. "हाड हाड करतात, पण माणूस कळतो त्यांना. या खेपेला खिंडीपलीकडे न्यायला त्यांना एक गडी हवाय. तू जा. त्यांनी तुझं काम बघितलं ना, की..."

"की ते म्हणतील, हे घे, माझी मुलगी?"

"थट्टा करू नकोस. नीट ऐक. आपांना नकार सोसत नाही. ते काहीही देऊ देत, जुनी टोपी देऊ देत, नाही तर शिळं सातूचं पीठ. 'नको' म्हणायचं नाही. 'कशाला, कशाला' पण नाही. मान खाली घालायची, डोळे वर करायचे नाहीत, आणि दोन्ही हातांनी घ्यायचं. कळलं?"

"मान खाली. डोळे खाली. दोन्ही हातांनी." त्याने शहाण्या पोरासारखं पाठ म्हणून दाखवलं. मग मान तिरकी करून म्हणाला, "आणि समजा... त्यांनी खरंच तुलाच दिलं तर?"

यांगजीने टोपलीतली शेणी उचलून त्याला मारली.

"तरीही दोन्ही हातांनीच," ती म्हणाली आणि पळाली.

बटाटे काढून झाल्यावर कुशांग निघाले. याकांच्या गळ्यातल्या घंटा गावाबाहेरच्या, मंत्र कोरलेल्या दगडांच्या मणी-भिंतीपर्यंत ऐकू येत होत्या. उर्केन सगळ्यांत मागे चालत होता. वळणावर त्याने शीळ घातली. लांबलचक, शेवटाला वर चढणारी. एकही याक वळला नाही, आणि खिडकीत उभी असलेली यांगजी हसता हसता रडायला लागली.

मग वाट बघणं. ते काय सांगायचं! तिने छांगसाठी धान्य शिजवलं, वर किण्व भुरभुरलं, मडकं गोधडीत गुंडाळून चुलीच्या मागे ठेवलं. आमाने विचारलं, कशासाठी. "आपा दमून येतील ना," ती म्हणाली. त्या मडक्याला ती रोज हात लावून बघायची, गरम आहे ना. यंदा खिंडीत बर्फ लवकर पडल्याची बातमी आली तेव्हा ती सकाळ-संध्याकाळ देव्हाऱ्यात धूप जाळायला लागली. आधी आपांचं नाव घ्यायची, मग मनात दुसरं. मग तिला वाटायचं, देवाला क्रम कळला असेल का, आणि आपल्याला खरं म्हणजे कुणाची काळजी जास्त वाटते... आणि तिची तिलाच भीती वाटायची.

आले. एका लख्ख दुपारी घंटा वाजल्या, आणि घंटांच्याही वर आपांचा आवाज.

"यांगजी! अगं ए यांगजी! खाली ये! बघ तुझ्यासाठी काय आणलंय!"

ती जिना उतरली की जिन्यावरून पडली, तिचं तिला माहीत. आपा याकवर बसले होते, एका पायाला लोकरीच्या चिंध्या गुंडाळलेल्या. चेहरा बर्फाने भाजलेला, पण असा खुललेला, की तिने त्यांना असं कधी बघितलंच नव्हतं. त्यांनी उर्केनचा खांदा धरला होता. उर्केनच्या कानात आपांचा निळा पिरोजा, त्यांच्या कानातला खडा, होता. तो तिच्याकडे बघत नव्हता. मान खाली. डोळे खाली.

यांगजीने दाराची चौकट धरली.

"हा बघ," आपा म्हणाले, "तुला काका आणलाय!"

संध्याकाळी सगळी गल्ली घरात जमली. आपांनी उर्केनला चुलीजवळ, स्वतःला लागून बसवलं. तो दाराकडे सरकायला बघत होता, तर त्यांनी त्याचा कोटच धरून ठेवला. आणि मग सांगितलं. परतीच्या वाटेवर वादळ कसं आलं, पायाखालचा बर्फ कसा फाटला, ते फटीत कसे गेले, आणि वरून याकच्या केसांचा दोर लावून हा कसा उतरला.

"बाकीचे वरून नुसते मंत्र म्हणत होते! हा उतरला! मला पाठीवर घेऊन वर आला, आणि रात्रभर माझे पाय स्वतःच्या उघड्या पोटावर घेऊन बसला. एक पाऊल तरी वाचलं. पोटचा मुलगा करणार नाही हो! तेव्हाच ठरवलं. खाली उतरल्यावर पहिला गोम्पा लागला, तिथल्या लामांसमोर मी याला थोवू केला. देवाला साक्ष ठेवून भाऊ! एका पेल्यातून अर्धं मी प्यालो, अर्धं हा. माझं हाड ते याचं हाड. आता बोला कुणी याला हाड नाही म्हणून!"

कुणी काय बोलणार? लोकांचे डोळे भरून आले होते.

"आणि विनय बघा पोराचा," आपांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "एक शब्द नाही काढला. मान खाली, डोळे वर नाहीत, दोन्ही हातांनी पेला घेतला. कुठे शिकला असेल!"

यांगजी तांब्याच्या भांड्यांजवळ उभी होती. तिने पळी खाली ठेवली. आमाने येऊन ती पळी उचलली आणि तिच्या जागी स्वतः वाढायला लागली.

दुसऱ्या दिवशी ती माळावर गेली. तो खडकापाशी होता. धुकं नव्हतं. खुम्बिला आभाळात लख्ख उभा होता, कुठे लपायला जागाच नव्हती.

"नाही म्हणायचं होतंस," ती म्हणाली.

"तू सांगितलं होतंस—"

"मी हे नव्हतं सांगितलं! हे नव्हतं रे सांगितलं!"

"मला वाटलं तुझ्याबद्दलच आहे." त्याने कानातला पिरोजा चाचपला. "ते म्हणाले, 'आजपासून तू माझ्या घरचा.' यांगजी, शपथेवर सांगतो, मला दुसरं काही सुचलंच नाही. मला वाटलं, दिली. मी आनंदाने प्यालो. पेला खाली ठेवला, आणि मग लामांनी 'भाऊ' म्हटलं."

"तेव्हा तरी बोलायचं!"

"काय बोलू? अर्धी छांग त्यांच्या पोटात, अर्धी माझ्या. कुणाच्या पोटातून काढू?"

तिने त्याच्या कोटाची बाही धरली. "दार्जिलिंगला जाऊ. इतके जण जातात, साहेबांची ओझी वाहतात, पोट भरतात. तिथे कोण विचारतं कुणाचं हाड?"

त्याने खाली गावाच्या छपरांकडे बघितलं.

"आपण विचारू ना," तो म्हणाला. "रोज सकाळी उठून आपणच विचारू. देवासमोर तू माझी पुतणी झालीस गं. आणि ते... त्यांच्या पायाची बोटं काळी पडलीयत. झोपेत पाणी मागतात ते माझं नाव घेऊन. मी त्यांची मुलगी पळवली तर लोक त्यांना काय म्हणतील? ज्याला हाड दिलं त्यानेच..."

यांगजीने त्याच्या तोंडाकडे बघितलं. तिला एकदम काहीतरी दिसलं आणि ते तिला बघायचं नव्हतं.

"तुला आवडलंय," ती म्हणाली. "त्यांचा भाऊ होणं."

"जन्मात पहिल्यांदा मला कुणी चुलीजवळ बसवलं." तो रडत होता, लपवतही नव्हता. "आवडलंय. तेच तर... तेच तर सांगतोय मी. मला दोन्ही हवं होतं."

ती त्याच्यावर चिडू शकली असती तर बरं झालं असतं. तेवढाही आधार तिला मिळाला नाही. तिने रिकामी टोपली पाठीला लावली आणि खाली आली. तो हाक मारेल म्हणून ती हळू चालली. त्याने मारली नाही. आता कोणत्या नात्याने मारणार होता?

घरी आमा तळघरात शेणाच्या ढिगापाशी उभी होती.

"आमा," यांगजी म्हणाली, "आपांना सांगितलं तर?"

आमाने "काय" असं विचारलं नाही. ढिगावरची एक शेणी नीट बसवत म्हणाली, "सांगून सुटतं का ते, लामांसमोर प्यालेलं? तुला काही परत मिळायचं नाही, बाळा. फक्त तुझ्या आपांना कळेल, की त्यांनी आनंदाच्या भरात काय केलं. उरलेल्या पायावरही मग ते उभे राहणार नाहीत."

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"या ढिगावरून." आमाने डोळ्यांना एप्रन लावला. "मी म्हटलं, परत तर येऊ दे दोघांना. मग मी बोलेन ह्यांच्याशी. निघायच्या आधीच बोलायला हवं होतं गं. चुकलंच माझं."

दोघी त्या अंधाऱ्या तळघरात एकमेकींना धरून बसल्या. वरून आपांचा आवाज येत होता, "अरे भावा, इकडे सरक, तिकडे वारा लागतो!"

आणि मग तो हिवाळा आला. खरंच दोनदा आल्यासारखा लांबलेला. उर्केन रोज यायचा. आपांच्या पायाला तो स्वतः लोणी चोळायचा, चिंध्या बदलायचा. काळी बोटं एकेक करून गळाली तेव्हा आपांनी त्याचाच हात धरून ठेवला होता. यांगजी पाणी गरम करून द्यायची. भांडं देताना दोघंही कडेला धरायची, बोटाला बोट लागू नये म्हणून.

ती त्याला काहीच म्हणायची नाही. नाव घेऊन चालणार नव्हतं, आणि तो दुसरा शब्द तिच्या तोंडातून येत नव्हता. श्याक्पाच्या रश्श्याचा वाडगा त्याच्या पुढे ठेवायची आणि उभी राहायची.

"अगं, 'घ्या काका' म्हण की!" आपा खेकसायचे. "जिभेला काय काटा टोचतो?"

"राहू दे दादा," उर्केन म्हणायचा. तो आपांना दादा म्हणायला लागला होता.

"राहू दे काय? माझ्याहून जास्त हाडाचा गर्व चढलाय या पोरीला! तुझ्या काकाने तुझा बाप जिवंत आणून दिलाय, कळतं का? एवढी कृतघ्न कशी निपजलीस गं?"

यांगजी भांडी उचलायची आणि खाली गोठ्यात जाऊन याकच्या मानेत तोंड खुपसून रडायची. उर्केन वर आपांच्या पायाशी बसून आढ्याकडे बघत राहायचा. ती खाली आहे हे त्याला माहीत होतं आणि तो आहे हे तिला. दोघांच्या मध्ये फक्त फळ्या होत्या.

नव्या वर्षाचा, लोसारचा सण झाला, आणि घडा आला.

थिलेन नावाचा मुलगा होता, वरच्या गावातला. चांगला होता. त्याच्यात खोट काढायला यांगजीने रात्र रात्र विचार केला आणि एकही सापडली नाही. तिने आमाला फक्त एकदा विचारलं, "नाही म्हणू?" आमा म्हणाली, "म्हण. मी आहे. पण का, ते ह्यांना काय सांगायचं?" आज याला नाही, उद्या दुसऱ्याला नाही. आणि कधीतरी कुणीतरी विचारणारच, की या पोरीच्या मनात आहे तरी कोण.

थिलेनकडची वडीलधारी माणसं ओळीने खिडकीखालच्या बाकावर बसली. घड्याच्या तोंडावर लोण्याची बोटं लावलेली. पेला भरला. आपांपुढे धरला. आपांनी हात वर केला.

"थांबा," ते म्हणाले. "मुलगी माझी खरी. पण बाप जिवंत आहे तो या माझ्या भावामुळे. होकार त्याच्या हातून जाऊ दे. पहिला पेला तिच्या काकाचा!"

लोक "वा, वा" म्हणाले. पेला उर्केनपुढे आला.

त्याचे हात गुडघ्यांवर होते. ते तिथेच राहिले.

"शे, शे," पाहुण्यांतला म्हातारा म्हणाला. "घ्या."

उर्केन हलला नाही. 

"शे, शे..."

आपा आधी हसत होते, मग हसू तसंच ठेवून त्यांनी भावाकडे बघितलं. त्यांचा चेहरा यांगजीला ठाऊक होता. खोगीर परत आलं तेव्हा असाच झाला होता. पण तेव्हा त्यात राग होता. आज त्यात भीती होती, की आपण दिलेला एवढा मोठा मान याला नकोसा का झाला, आपलं काय चुकलं.

उर्केनने मान वर केली आणि सरळ यांगजीकडे बघितलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. विचारत होता तो. तिने नुसती मान हलवली असती, एवढीशी, तर तो पेला त्याने घेतला नसता. मग सगळ्यांना सगळं कळलं असतं. आणि तो उठला असता, तिच्यासाठी. हे तिला लख्ख दिसलं. तिच्या अंगातून आनंदाची अशी लाट गेली, की तिला वाटलं, हलवावी मान. होऊ दे काय व्हायचं ते!

मग तिची नजर आपांच्या पायाकडे गेली. बोटं नसलेलं ते पाऊल त्यांनी पाहुण्यांना दिसू नये म्हणून गालिच्याखाली सरकवलं होतं. आणि त्यांचा हात भावाच्या पाठीवर होता, अजूनही.

यांगजी भांड्यांपासून निघाली. तिला वाटलं ती खोली कधी संपणारच नाही. तिने म्हाताऱ्याच्या हातातून पेला घेतला आणि उर्केनच्या पुढे गुडघे टेकून बसली.

"घ्या, काका," ती म्हणाली. "दोन्ही हातांनी घ्या."

त्याने मान खाली घातली. डोळे वर केले नाहीत. दोन्ही हातांनी पेला घेतला आणि प्यायला.

"ऐकलंत?" आपांनी मांडीवर थाप मारली. "ऐकलंत का सगळ्यांनी? काका म्हणाली! बोलली एकदाची माझी पोर!" ते एवढे हसले, की त्यांना डोळे पुसावे लागले. पाहुणेही हसले. आमा चुलीकडे तोंड करून लाकडं सारत होती.

पेला रिकामा झाला होता. पण आमच्याकडे एकदा भरून भागत नाही, तीनदा भरावा लागतो. यांगजीने घडा ओढला आणि पुन्हा ओतायला लागली.